मसाल्याच्या ताटातला ऑटम

सोमवारी सकाळी बरोबर सात वाजून चाळीस मिनिटांनी मी हातात केरसुणी घेतली आणि तिथेच घात झाला.

इथे ऑस्ट्रेलियात, आमच्या ट्रुगानिनात पुन्हा लॉकडाऊन, शाळा पुन्हा घरात. त्यात आमच्या सहा वर्षांच्या शाल्मलीला दोन शिंका आल्या (मी मोजल्या, मी सगळंच मोजते). म्हणून टेस्ट केली, आणि रिपोर्ट येईपर्यंत तिला घराबाहेर जायची बंदी. नवरा वरुण वेल्डर, त्याचं काम काही घरून होत नाही. शिफ्टला निघताना त्याने शाल्मलीच्या वर्गाच्या बाईंचा ईमेल मोबाइलवर वाचला आणि बूट चढवता चढवता मला सांगितलं, "अंगणात ऑटमचा फोटो काढायचाय. साडेनऊच्या क्लासआधी पाठव. आज शेवटचा दिवस, उद्यापासून विंटर."

"एवढंच?"

"एवढंच. टेन्शन घेऊ नकोस."

(हे वाक्य ऐकलं की मला टेन्शन येतं.)

माझं शिक्षण सातवीपर्यंत. गेल्या लॉकडाऊनमध्ये माझ्या हातून एक होमवर्क राहिला. वर्गाच्या ऑनलाइन पानावर सगळ्या मुलांची चित्रं आणि शाल्मलीचा तेवढा चौकोन रिकामा. पोरगी त्या दिवशी जेवली नाही. मी ठरवलं होतं, पुन्हा असं होऊ द्यायचं नाही.

आता फोटो काढायचा म्हटलं की माणूस आधी काय करतं? आवरतं. बाई आमचं अंगण बघणार, आणि तिथे बिल्डरने घरासोबत दिलेल्या एकुलत्या एक झाडाखाली वाळक्या पानांचा खच. मी सगळा झाडून काढला. झाडावर चार पानं उरली होती, तीही काठीने पाडली (नेमकी फोटोत गळायला नकोत). सगळं कचऱ्याच्या बिनमध्ये भरलं. आठ वाजता लॉरी येऊन बिन रिकामा करून गेली. ड्रायव्हरला मी हातसुद्धा केला. मग फरशी धुतली, रांगोळी काढली आणि शाल्मलीला लाल परकर-पोलकं घालून मधोमध उभं केलं.

"मम्मी, इज इट दिवाली?"

"नाही गं. ऑटम आहे."

तिला शंका आली. टॅब्लेट आणून तिने ईमेलवर बोट ठेवून एकेक शब्द वाचला. "क्वाएट कलर्स. ब्राउन. ग्रे. डेड लीव्ह्ज." मग चकचकीत अंगणाकडे बघितलं. "व्हेअर आर द लीव्ह्ज?"

लॉरीचा आवाज दोन गल्ल्या पलीकडून येत होता. पोरीला एकटं टाकून मागे धावणार कशी?

"माय स्क्वेअर विल बी एम्प्टी अगेन," ती हळूच म्हणाली.

मी रडायला स्वयंपाकघरात गेले. ओट्यावर गोडा मसाला करायला काढलेलं सामान ताटात होतं. डोळे पुसता पुसता बघतच राहिले. तमालपत्र म्हणजे वाळलेलं पानच की. दालचिनी ही झाडाची साल. आणि दगडफूल तर असं राखाडी, जणू धुक्यात भिजून वाळलेलं. सुक्या मिरच्या तेवढ्या बाजूला काढल्या, त्या काही शांत नव्हेत.

खोक्याच्या पुठ्ठ्यावर सगळं मांडून झाडाखाली ठेवलं. वारा आला. मी मोबाइल आणेपर्यंत शाल्मलीने गमाची बाटली ओतून सगळं चिकटवलं होतं. फोटो गेला नऊ वाजून अठ्ठावीस मिनिटांनी.

क्लासमध्ये हेदरबाई स्क्रीनजवळ आल्या. "ब्यूटिफुल, शाल्मली. हे राखाडी कुठल्या झाडावरचं?"

"ट्री म्हण, नुसतं ट्री म्हण," मी मागून कुजबुजले.

"इट्स नॉट अ ट्री," शाल्मली म्हणाली. "इट्स डिनर."

मी टेबलाखाली गेले (कॅमेरा चालू होता, बावीस मुलांनी मला जाताना पाहिलं). बाई खूप वेळ हसल्या. मग त्यांनी मला वर बोलावलं आणि एकेकाचं नाव सांगायला लावलं. बावीस मुलं माझ्यामागून "दगडफूल" म्हणाली. सातवी पास बाईने ऑस्ट्रेलियात वर्ग घेतला. शाल्मलीचा चौकोन पानावर सगळ्यात वर लागला, आणि ती दोन पोळ्या जेवली.

संध्याकाळी रिपोर्ट निगेटिव्ह आला. पुठ्ठा फ्रिजवर लावला होता. वरुणने तो कौतुकाने बघितला, जेवायला बसला, पहिला घास घेतला आणि थांबला.

"आमटी आज फारच क्वाएट आहे गं."

तर मंडळी, आम्हाला बाहेर पडायची सीमा पाच किलोमीटर. तेवढ्या अंतरात कोणाकडे वाटीभर गोडा मसाला असेल तर कळवा. नसेल, तर पुढच्याला सांगा.