नळमास्तर आणि ठकूची उचकी

पाणी आणि सात संस्कार, ह्या दोन विषयांत मला कोणी शिकवायला येऊ नये! चाळीस वर्षं प्लंबिंग केलंय. भिंतीत गळती नेमकी कुठे आहे, ते मी नुसता हात फिरवून सांगतो. आणि गेली वीस वर्षं दर रविवारी चर्चच्या मागच्या खोलीत मुलांना धर्मशिक्षण देतो. मुलं मला नळमास्तर म्हणतात.

कारण संस्कार म्हणजे काय, हे मी नळांवरून समजावतो. फळ्यावर वर एक मोठी टाकी काढायची. ती देवाच्या कृपेची. ती कधी आटत नाही, आणि आपण कमावली म्हणून भरलेली नाही. देवानं आपणहून भरून ठेवलेली. खाली सात नळ. बाप्तिस्मा, दृढीकरण, ख्रिस्तप्रसाद, पापनिवेदन, आजाऱ्याला तेल लावण्याचा संस्कार, धर्मगुरूंची दीक्षा आणि लग्न.

"पहिला नळ उघडल्याशिवाय बाकीचे सहा उघडत नाहीत," मी सांगतो. "आणि पहिला नळ आयुष्यात एकदाच उघडायचा! त्याचा शिक्का आत्म्यावर कायमचा बसतो. दुसऱ्यांदा बाप्तिस्मा होत नाही, नुसतं डोकं भिजतं!"

ह्यावर मुलं खदाखदा हसतात. मीही हसायचो. आता नाही हसत.

झालं असं, की आमच्या चिरंजीवांना मुलगी झाली. कागदावर तिचं नाव भलंमोठं आहे, पण घरात ती ठकू. जन्मली तेव्हा जेमतेम ओंजळीएवढी. आठ दिवस काचेच्या पेटीत होती, आणि तिकडे दुसऱ्या वॉर्डात सूनबाई तापानं फणफणलेली. चिरंजीव एकटा दोन्ही मजल्यांवर धावत होता. आम्हाला कोणी आत सोडेना. पण देवाची कृपा, दोघी सुखरूप घरी आल्या.

आता बाप्तिस्मा! सूनबाई मागे लागली. तर चिरंजीव म्हणाला, "घाई काय आहे? मोठी होऊ दे, तिचं ती ठरवेल."

ऐकलंत? माझ्या वर्गात पहिल्या बाकावर बसलेला हा मुलगा! मी तोंड उघडणार, तोच तो म्हणाला, "बाबा, तिच्या बाबतीत आम्हाला न विचारता काही करायचं नाही. शब्द द्या. नाहीतर तिला तुमच्यापाशी ठेवून बाहेर पडणं अवघड होईल."

दिला शब्द. करतो काय! दुपारी ठकू माझ्या मांडीवर झोपते, तेवढाच तासभर मी ह्या जगात कोणीतरी असतो.

तीन महिने शब्द पाळला. मग तो गुरुवार उजाडला. सूनबाईला तपासणीसाठी घेऊन चिरंजीव डॉक्टरांकडे गेला. आमची ही दुकानात गेली. घरात मी आणि ठकू. आणि ठकूला लागली उचकी!

एक लागली, दोन लागल्या, सात लागल्या. आता नियम काय सांगतो? जीव धोक्यात असेल, तर बाप्तिस्मा कोणीही देऊ शकतो. धर्मगुरूच हवेत असं नाही. पाणी हवं, शब्द हवेत आणि चर्च करतं तेच करण्याचा हेतू मनात हवा. मी ठकूकडे पाहिलं. ठकूनं माझ्याकडे पाहून आठवी उचकी दिली. धोका नाही तर काय हे!

स्वयंपाकघरातल्या सिंकपाशी गेलो. पाणी कोमट केलं, कोपर बुडवून पाहिलं. पेल्यानं तिच्या डोक्यावर तीनदा ओतलं. "मी तुला पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावानं बाप्तिस्मा देतो." दोन मिनिटांचं काम! एक थेंब खाली सांडला नाही. उचकीही थांबली. जावळ पुसलं, टॉवेल वाळत टाकला, मामला खलास!

संध्याकाळी चिरंजीव जेवायला बसला आणि म्हणाला, "ठीक आहे. येत्या रविवारी ठकूचा बाप्तिस्मा करू."

मी उचललेला घास ताटात परत ठेवला. सूनबाईचा चेहरा उजळला होता. मला मात्र माझंच वाक्य ऐकू येत होतं: नुसतं डोकं भिजतं! म्हणजे आता एक तर फादरना फसवून चर्चमध्ये खोटा संस्कार घडवायचा, नाहीतर शब्द मोडला असं कबूल करून ठकूला मुकायचं. इकडे आड, तिकडे विहीर!

गंमत म्हणजे आमची हीसुद्धा नुसताच भात चिवडत होती. मग म्हणाली, "एवढी काय घाई? बाळाला सर्दी आहे."

"कुठे आहे सर्दी?" सूनबाई म्हणाली.

"होईल ना!"

हिला माझा संशय आला, हे मी ताडलं. झोपायच्या वेळी ती हळूच म्हणाली, "अहो, तुम्हाला मला काही विचारायचंय का?"

"छे! तुला मला काही विचारायचंय का?"

"मला? छे बाई!"

आणि दोघांनी दोन भिंतींकडे तोंडं केली. बायको सगळं ओळखून आहे आणि मला घोळवते आहे, अशी माझी खात्रीच पटली.

शनिवारी सकाळी मी पाना घेऊन चर्चमध्ये गेलो. तिथल्या दगडी बाप्तिस्माकुंडाला एक नळ आहे, मीच बसवलेला. बेत साधा होता. नळ सोडवायचा, "सामान मिळत नाही, महिनाभर लागेल" म्हणायचं, आणि तेवढ्यात काहीतरी सुचेल. पान्याला एक हिसका दिला. नळ हातात आला! मागोमाग पाणी आलं. मुख्य कॉक मी बंद केलाच नव्हता! माझं चित्त थाऱ्यावर कुठे होतं?

पहिले चार बाक भिजले. आवाज ऐकून फादर धावत आले, घसरले आणि थेट कुंडापाशी येऊन बसले. वयस्कर माणूस, पण रागवायचं नाव नाही. नाकावरून पाणी निथळत असताना म्हणाले, "नळमास्तर, मनात काही आहे का? काही सांगायचंय का?"

"नाही, नाही, फादर! वॉशर गेलाय!"

"असू दे. उद्या मी तांब्यानं पाणी घालीन."

दुपारपर्यंत मी फरशी पुसत होतो.

रविवार आला. ठकू पांढऱ्या झग्यात. चर्च भरलेलं, माझा वर्ग पहिल्या बाकांवर. चार बाक अजून ओलसर होते, त्यामुळे मुलं चुळबुळत होती. फादरनी तांब्या उचलला आणि नेहमीसारखं विचारलं, "हिचा बाप्तिस्मा आधी कोणी केलेला नाही ना?"

बोलावं तर ठकू जाते, गप्प बसावं तर वीस वर्षं शिकवलेलं सगळं खोटं पडतं. मी डोळे मिटले, हात वर केला. डोळे उघडून बघतो तर शेजारी आणखी एक हात वर. आमच्या हिचा!

"फादर," ही रडवेली झाली, "मंगळवारी आंघोळ घालताना मी... तिला दोन शिंका आल्या हो!"

"मंगळवारी?" मी ओरडलो. "अगं, मग मी गुरुवारी काय केलं?"

"तुम्ही पण?"

"तुमच्याकडे कसला धोका होता, नळमास्तर?" फादरनी विचारलं.

"उचकी," मी पुटपुटलो.

सगळं चर्च हसलं. माझा वर्ग तर बाकावर लोळायचाच बाकी होता. मी घाबरत घाबरत चिरंजीवाकडे पाहिलं. आता हा भडकणार, ठकूला उचलणार आणि चालू लागणार! तर त्याचाही हात हळूहळू वर जात होता.

"फादर, मी सगळ्यांच्या आधी," तो म्हणाला. "हॉस्पिटलमध्ये, पहिल्याच दिवशी. डॉक्टर म्हणाले, काही सांगता येत नाही. बायको शुद्धीवर नव्हती. नर्सनं पेटीची खिडकी उघडून दिली. मी बाटलीच्या झाकणानं पाणी घातलं, तीनदा. बाबांनी वर्गात शिकवलेले शब्द म्हटले."

"मग तिचं ती ठरवेल, असं का म्हणालास?" मी विचारलं.

"काय सांगणार होतो, बाबा? की ती मरेल म्हणून मी बाप्तिस्मा दिला? हिच्यापुढे ते तोंडातून निघेना. आणि दुसऱ्यांदा होत नाही, हे तुम्हीच शिकवलंत. मग टाळत राहिलो. परवा ही रडली, तेव्हा नाही म्हणवेना."

मला वाटायचं, पोरानं सगळं सोडून दिलं. आणि आयुष्यातल्या सगळ्यात वाईट दिवशी त्याला आठवला होता तो पहिला बाक! मला रडू आलं, आणि मी ते लपवलं नाही.

सूनबाईनं डोळे पुसले आणि मग कमरेवर हात ठेवले. "म्हणजे तिघांनी माझ्या पोरीचं डोकं भिजवलं आणि मला पत्ताच नाही!"

फादरनी सगळं नीट विचारून घेतलं. पाणी डोक्यावरून वाहिलं का? शब्द तेच होते का? मग निकाल दिला. "हिच्या वडिलांनी दिलेला बाप्तिस्मा खरा. आजीनं आणि आजोबांनी नुसतं डोकं भिजवलं. दोघांनी पापनिवेदनाला यायचं! आता तेल, पांढरं वस्त्र आणि मेणबत्ती एवढं राहिलंय, ते करू."

मी हळूच विचारलं, "फादर, पण समजा तिघांपैकी कोणीच पाणी घातलं नसतं आणि त्या दिवशी पोर गेली असती, तर कृपा तिच्यापर्यंत..."

"नळमास्तर," फादर म्हणाले, "नळ देवानं आपल्यासाठी बसवलेत. स्वतःला टाकीत कोंडून घ्यायला नाही."

वीस वर्षं फळ्यावर टाकी काढतोय, पण हे मला सुचलं नव्हतं.

घरी आलो, केक कापला. चिरंजीवानं ठकूला आपण होऊन माझ्या मांडीवर ठेवलं. माझा जीव भांड्यात पडला. तेवढ्यात ठकूला लागली उचकी!

मी ठकूला घेऊन उठलो. आमची ही उठली. चिरंजीवही उठला. तिघंही स्वयंपाकघराकडे वळलो.

"खाली बसा!" सूनबाई कडाडली. "पाण्याला कोणी हात लावायचा नाही!"

आम्ही बसलो. मी स्वतःला प्यायला पाणी आणायला निघालो होतो, अगदी शपथेवर सांगतो. पण ऐकतो कोण? तेव्हापासून घरात नियम आहे: ठकू मांडीवर असली, की मी नळापासून दहा पावलं लांब बसायचं. चाळीस वर्षं प्लंबिंग केलेल्या माणसानं!