ग्रहणातली करंजी

आमच्या गच्चीवर रोज संध्याकाळी ग्रहांची हजेरी होते. हजेरी घेतात चौथ्या मजल्यावरचे जगदाळे काका. तोफखान्यातून सुभेदार होऊन निवृत्त झालेले, वय सत्तर, पाठ अजून ताठ. हातात वही, कानावर पेन्सिल. ते एकेका ग्रहाचं नाव पुकारतात आणि ज्याला तो ग्रह नेमून दिलाय त्यानं वर बघून उत्तर द्यायचं. दिसत असेल तर "हजर". सूर्याआड गेला असेल तर "रजेवर". नुसता धूर आड आला असेल तर "सिक रिपोर्ट".

मी गच्चीवर जायचे ती वाळलेले कपडे काढायला. दोन-तीन दिवस कोपऱ्यात उभी राहून ऐकलं, तर चौथ्या दिवशी त्यांनी मला मंगळ देऊन टाकला. नको म्हणायला तोंड उघडेपर्यंत वहीत नाव चढलं होतं. तेव्हापासून संध्याकाळी "मंगळ?" अशी हाक आली की मी कपडे छातीशी धरून हळूच उत्तर देते. "आवाज!" असं काका म्हणतात. मग मी पुन्हा उत्तर देते. तेही तेवढंच हळू.

फरीदाबादला आमची ही सोळा घरांची इमारत. त्यात मराठी घरं दोनच, जगदाळ्यांचं आणि आमचं. आमचे हे फौजेत गाडी चालवायचे, म्हणून ते अजून काकांना साहेब म्हणतात. काकांचं काम मोजणीचं होतं. तोफ कुठल्या दिशेला लावायची ते रात्री ताऱ्यांवरून मोजून सांगायचं. निवृत्त झाल्यावर तोफ गेली, तारे राहिले, असं त्यांच्या बायको, सुमनकाकूच म्हणतात. काकांनी घरी दोन वर्षं काच घासून आरसा केला आणि तो एका जाड पांढऱ्या पाइपात बसवून दुर्बीण बनवली. टाकी दुरुस्त करायला आलेल्या प्लंबरनं तो पाइप उचलून जोडायला घेतला होता. काका त्याच्या अंगावर असे धावले की तो बिचारा दोन महिने आमच्या गल्लीतच आला नाही.

या सगळ्याला नाव आहे आकाश मंडळ. सभासद सात, त्यातले दोघे केवळ वाऱ्याला येतात. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी संध्याकाळी काकांचं व्याख्यान असतं, तेही हिंदीतून. फौजेत तीस वर्षं काढूनही त्यांची हिंदी साताऱ्याचीच राहिली. "तारा मतलब जळता हुआ गोळा, समझ्या?" असं विचारतात आणि सगळे समझ्या म्हणतात.

एकदा त्यांनी सूर्यमाला किती लांबरुंद आहे ते दाखवायचं ठरवलं. गच्चीवर नको, म्हणून खाली फाटकापाशी स्टुलावर भोपळा ठेवला. तो सूर्य. पृथ्वी म्हणून एक मोहरीचा दाणा माझ्या तळहातावर दिला आणि सत्तावीस पावलांवर उभं केलं. नेपच्यून म्हणून हरभरा दिला तळमजल्यावरच्या भल्लाजींना आणि त्यांना चालत पाठवलं थेट मेट्रो स्टेशनपाशी. तिथं पोचल्यावर त्यांनी फोन करायचा होता. फोन काही आला नाही. आम्ही आपापले ग्रह धरून पाऊण तास उभे. शेवटी भल्लाजी रमतगमत परत आले. वाटेत छोले-कुलच्यांची गाडी लागली म्हणाले. हरभरा कुठाय म्हणून काकांनी विचारलं, तर तो त्यांनी छोल्यांबरोबर खाऊन टाकला होता. काकांनी वही काढली आणि गंभीरपणे लिहिलं, "नेपच्यून शहीद."

अशा या माणसाची एक इच्छा मात्र कधी पुरी झाली नव्हती. ग्रहण चालू असताना इमारतीतल्या एका तरी माणसानं सर्वांसमोर काहीतरी खावं, एवढीच. सावली पडल्यानं अन्न नासत नाही, पोटाला काही होत नाही, हे ते घसा फोडून सांगायचे. दर ग्रहणाला खाण्याचं ताट घेऊन गच्चीवर जायचे आणि ते ताट भरलेलं खाली यायचं. ते स्वतः खायचे, पण ते कोण मोजतंय?

खुद्द सुमनकाकू त्या दिवशी पाणीसुद्धा प्यायच्या नाहीत. एरवी त्या हजेरीच्या वेळी चहा घेऊन वर यायच्या, काकांची थट्टा करायच्या. ग्रहणाच्या दिवशी मात्र दार आतून लावून बसायच्या. काका मला एकदा म्हणाले होते, "दुनियेला पटवून काय करू वहिनी? माझ्या घरातच पटत नाही." हसत म्हणाले, पण नंतर बराच वेळ दुर्बिणीचा स्वच्छ आरसा उगाच पुसत बसले.

त्या वर्षी ग्रहण दिवाळीतच आलं. लक्ष्मीपूजन झालं होतं आणि पाडवा एक दिवस पुढं गेला होता, मधल्या त्या मोकळ्या दिवशी. घरोघरी फराळाचे डबे भरलेले, आणि प्रत्येक डब्यावर ठेवायला तुळशीचं पान हवं. इमारतीत धड तुळस एकच, जगदाळ्यांच्या दारातली. सकाळपासून बायकांची रांग लागली. काका दारात खुर्ची टाकून बसले होते. त्यांनी भाव काढला होता, एका पानाला गच्चीवर एक फेरी. संध्याकाळी येऊन ग्रहण बघायचं कबूल करा आणि पान न्या. मीही चार पानं आणली आणि चार फेऱ्या कबूल केल्या.

माझ्या मनात मात्र धाकधूक होती. माझी सून पूजा, सातवा महिना. दिल्लीतच वाढलेली, गुरुग्रामच्या कंपनीत नोकरी, त्या दिवसांत घरूनच काम करायची. मी तिला सकाळीच सांगून ठेवलं होतं, पडदे लाव, सुरी-कात्री हातात घेऊ नको. ती "अच्छा आई, बिल्कुल" म्हणाली, त्यामुळे मला जास्तच काळजी वाटली. पूजा इतक्या लवकर ऐकत नाही.

साडेचारला मी गच्चीवर गेले. ऊन धुरकट, पिवळं. काकांनी पूर्वेच्या कठड्यावर हातभर आरसा लावला होता. त्याला काळा कागद चिकटवून मधे बारीक भोक ठेवलेलं. त्या भोकातून ऊन उलटं फिरून ममटीत, म्हणजे जिन्यावरच्या खोलीत, जात होतं आणि समोरच्या भिंतीवर पुरीएवढा सूर्य पडला होता. कुणी वर बघायचं नाही, भिंतीवर बघायचं. पुरीचा एक कोपरा हळूहळू कुरतडल्यासारखा दिसायला लागला. सगळ्या बायका ओरडल्या. मीही ओरडले असेन.

ममटीच्या पायरीवर करंज्या-चकल्यांचं ताट होतं. भल्लाजी त्या ताटाकडे पाठ करून उभे होते. सूर्य ग्रहण लागलेलाच मावळणार, म्हणून उद्या सकाळी सूर्य दिसेपर्यंत काही खायचं नाही असं त्यांना बायकोनं बजावलं होतं. काका म्हणाले, "भल्लाजी, एक चकली. तुमारे नेपच्यून की कसम." भल्लाजींनी नुसते हात जोडले.

हळूहळू बायका आपापल्या फेऱ्या संपवून गेल्या. तेवढ्यात जिन्यातून पूजा वर आली. मीटिंग संपली म्हणाली. मी अडवायला पुढं झाले तर म्हणाली, "आई, प्लीज. ममटीत तर ऊनसुद्धा येत नाही. एक मिनिट." आणि बघायला म्हणून भिंतीसमोर जाऊन उभी राहिली. तो कुरतडलेला सूर्य भिंतीवरून सुटला आणि नेमका तिच्या पोटावर पडला.

मला वाटलं, काकांचा आनंद आता मावणार नाही. इतकी वर्षं ते हेच तर सांगत होते. पण काकांनी झडप घालून आरसा उपडा केला आणि ओरडले, "पोरी, खाली जा. आत्ताच्या आत्ता खाली जा."

असा आवाज मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. पूजाचे डोळे भरून आले. भल्लाजी वळून बघायला लागले. मी म्हटलं, "काका, तुम्हीच म्हणता ना, काही होत नाही?"

"नाही होत," काका म्हणाले. "माहीत आहे मला. सगळं माहीत आहे. तरी तिला न्या खाली."

आरसा त्यांनी छातीशी असा धरला होता की काळा कागद चुरगळला.

त्यांचं घर गच्चीच्या खालीच. ओरडणं ऐकून दार उघडल्याचा आवाज आला आणि सुमनकाकू पायऱ्या चढून वर आल्या. ग्रहणात त्या गच्चीवर आलेल्या मी पहिल्यांदाच पाहिल्या. त्यांनी पूजाचा हात धरला, तिला पायरीवर बसवलं, स्वतः शेजारी बसल्या.

"पोरीवर का ओरडलात?"

काका कठड्याकडे बघत बोलले. "पाचवा महिना होता तुझा. मीच परातीत पाणी घालून तुला ग्रहण दाखवलं होतं. दीड महिन्यात गेलं. आई बोलायची ते बोलली. तू चाळीस वर्षांत एक शब्द बोलली नाहीस, सुमन. ग्रहण आलं की दार लावतेस."

त्यांना मूलबाळ नाही हे आम्हाला माहीत होतं. का नाही, हे कधी कुणी विचारलं नव्हतं. मी पदर तोंडाला लावला.

काकू म्हणाल्या, "दार लावते, कारण त्या दिवशी मला कुणाशी बोलायचं नसतं. आपण दोघं परातीवर वाकून बघत होतो ना, तेव्हाच ते पोटात पहिल्यांदा हललं. तुम्ही गणित सांगत होता, म्हणून मी बोलले नाही. त्याचं माझ्याकडे तेवढंच आहे. म्हणून मी त्या दिवशी उपास धरते. तुमच्यावर राग म्हणून नाही."

"मग सांगायचं नाही का?"

"विचारायचं होतंत. सगळ्या आभाळाची विचारपूस करता."

त्यांनी ताटातली एक करंजी उचलली, मोडली, अर्धी पूजाच्या हातात ठेवली. पूजानं माझ्याकडे बघितलं. मला भीती वाटत होती, खोटं कशाला सांगू. पण काकूंच्या हातातली अर्धी करंजी त्यांच्या तोंडात गेली तेव्हा मी मान हलवली. पूजानं खाल्ली.

भल्लाजी आतापर्यंत मराठी न समजता नुसते एकेकाच्या तोंडाकडे बघत होते. करंजी त्यांना समजली. "तो फिर मैं भी ले लूँ, सुभेदार साहब?" म्हणत त्यांनी दोन चकल्या उचलल्या आणि जिन्यातून पसार झाले.

एकाच ग्रहणात तीन माणसांनी खाल्लं, पण काकांनी ते पाहिलंही नसावं. पश्चिमेला अर्धवट सूर्य धुरात बुडायला आला होता. ज्याची ते सहा महिने वाट बघत होते तो ग्रहणातला सूर्यास्त. त्याच्याकडे त्यांची पाठ होती. ते काकूंपुढे उभे होते, हातात तो आरसा, चुरगळलेल्या कागदासकट.

"कुठल्या बाजूला?" त्यांनी विचारलं.

"काय कुठल्या बाजूला?"

"हललं ते."

"डावीकडे," काकू म्हणाल्या, आणि पायरीवर सरकून त्यांना जागा करून दिली. काका बसले.

मी पूजाला घेऊन खाली आले. दोन मजले उतरेपर्यंत वरून काकूंचं बोलणं ऐकू येत होतं. काका मधूनमधून काहीतरी विचारत होते, आणि काकू सांगत होत्या.