समुद्राचा ताप बघणारे डॉक्टर

आमच्या शेजारचे डॉक्टर तेंडोलकर रोज सकाळी समुद्राचा ताप बघतात. मी काही पदरचं सांगत नाही. गुडघ्यापर्यंत दुमडलेली पँट, वर इस्त्रीचा पूर्ण बाह्यांचा शर्ट, डोक्याला हॅट आणि हातात दोरीला बांधलेला लांबलचक थर्मामीटर, असे ते पाण्यात जाऊन उभे राहतात. तारकर्लीला आलेले पर्यटक लाटांचे सोडून ह्यांचेच फोटो काढतात. किनाऱ्यावरून कोणीतरी हमखास ओरडतं, "डॉक्टरानू, दर्याक ताप किती आसा?" आणि डॉक्टर गंभीरपणे उत्तर देतात, "कालच्यापेक्षा किंचित जास्त. काळजीचं कारण नाही."

ते औषधाचे डॉक्टर नव्हेत, संशोधनाचे. हे गावाच्या गळी उतरवण्यात त्यांचं सुरुवातीचं वर्ष गेलं. तोवर सकाळ झाली की त्यांच्या ओटीवर गुडघेदुखीवाल्या म्हाताऱ्यांची रांग. शेवटी कंटाळून ते सगळ्यांना "गरम पाण्याने शेका" असं सांगायला लागले, आणि काहींना गुण आला. त्यामुळे रांग वाढलीच.

मुंबईत एका संशोधन संस्थेत त्यांची उभी हयात गेली. निवृत्त झाल्यावर आमच्या गडग्याला, म्हणजे दगडी कुंपणाला, लागून त्यांनी घर बांधलं आणि एकटेच राहायला आले. खाणावळीचा डबा आणि मालवण बंदर, एवढाच त्यांचा संसार. समुद्राचं शास्त्र आणि बंदराचं अर्थशास्त्र ही एकच गोष्ट आहे, असं त्यांचं म्हणणं. "समुद्र तापला की बांगडा खोल जातो, वहिनी, आणि बांगडा खोल गेला की बाजार तापतो!" हे त्यांनी मला इतक्यांदा ऐकवलंय की आमच्याकडे भाड्याने खोली घेणाऱ्या पाहुण्यांना आता मीच ऐकवते.

समुद्राचा ताप बघून झाला की त्यांची स्कूटर मालवणच्या बाजारात. लिलावाचा भाव विचारायचा, बर्फ किती खपला विचारायचं, खाणावळीत थाळी महागली का ते बघायचं. एकदा तर त्यांनी शिंप्याला गाठलं. बांगडा कमी मिळाला की ब्लाउज कमी शिवले जातात का, हा त्यांचा प्रश्न. शिंप्याने चष्म्यावरून त्यांच्याकडे बघितलं आणि माप घ्यायला टेप काढली.

एका आठवड्यात मात्र त्यांची झोप उडाली. समुद्र तापलेला, बांगडा थोडा, आणि मंगळवारी भाव एकाएकी कोसळलेला. डॉक्टर वारा बघतायत, प्रवाह बघतायत, नकाशे पसरून बसलेत. शेवटी मला राहवलं नाही. मी गडग्यावरून म्हटलं, "डॉक्टर, त्या दिवशी संकष्टी होती. अर्ध्या मालवणाने मासे खाल्ले नाहीत." वाईट वाटून घेण्याऐवजी गृहस्थ लहान मुलासारखा टाळ्या वाजवायला लागला. तेव्हापासून त्यांच्या भिंतीवर समुद्राच्या नकाशाशेजारी पंचांग टांगलेलं आहे.

त्यांचं एक पालुपद आहे, "नमुना बिघडतो." लिलावाच्या जागी कोळणीने चहा दिला तरी घेत नाहीत, नमुना बिघडतो. वर दोन मासे घालू लागली तर हात मागे, नमुना बिघडतो. ज्याचा अभ्यास करायचा त्याच्याकडून काही घेतलं की अभ्यास खोटा पडतो म्हणे. चतुर्थीला मी मोदक पाठवले ते मात्र निमूट खाल्ले. मी विचारलं, तर म्हणाले, "तुम्ही नमुन्यात येत नाही." ह्यात माझा मान झाला की अपमान, ते आमच्या ह्यांनाही ठरवता आलं नाही.

ह्या पालुपदानेच एकदा त्यांचा घात केला.

आमच्याकडे रापण ओढतात. होडीतून लांबच लांब जाळं समुद्रात अर्धगोल टाकायचं आणि दोन्ही टोकांचे दोर वाळूवरून सगळ्यांनी मिळून ओढायचे. जाळं किनाऱ्याला लागलं की माशांचे वाटे घालतात. दोराला ज्याचा हात लागला त्याला वाटा मिळतो. फोटोपुरता हात लावणारा पर्यटकही रिकामा जात नाही.

रापणीचे कष्ट कळावेत म्हणून डॉक्टरांनी हॅट काढून ठेवली आणि दोर ओढला. चांगला तळहात सोलवटेपर्यंत ओढला. मग भगवान तांडेलाने, म्हणजे रापणीच्या म्होरक्याने, त्यांच्यापुढे बांगड्यांचा वाटा ठेवला, आणि हे म्हणाले, "नको, नमुना बिघडतो."

वाटा तसाच वाळूवर राहिला, कावळ्यांनी नेला. दुसऱ्या दिवशी जाळ्यात बांगडा औषधालाही नाही, नुसत्या जेलीफिश! डॉक्टर प्रवाहाचं कारण समजावून द्यायला पुढे झाले. तांडेल भडकला.

"पाण्याचा माका सांगा नकात! दर्यान दिल्लो वाटो तुमी परत केलास. दर्यो आयकता! उद्यापासून आमच्या दोराक हात लावचो नाय, आणि आमका काय इचारूचा पण नाय."

झालं. रापणीवर कोणी त्यांच्याशी बोलेना. तांडेलाचं बघून बाजारातल्या बायकाही तोंडं फिरवू लागल्या. बंदरावर ते एक पुस्तक लिहीत होते, ते ऐन रापणीच्या प्रकरणाशी अडलं. डॉक्टर ओटीवर बसून राहू लागले, आणि समुद्राचा ताप बघायला कोणी उरलं नाही. मला तर तो किनारा ओकाबोका वाटायला लागला.

एका दुपारी मी तावातावाने त्यांच्या ओटीवर गेले. म्हटलं, "एवढे शिकलेले तुम्ही! घ्यायचा होता ना तो वाटा. बिघडला नमुना तर बिघडू दे!"

त्यांनी मान वळवून आत स्वयंपाकघराकडे बघितलं. मग बोलले ते मालवणीत. इतक्या दिवसांत त्यांच्या तोंडून मी मालवणी कधी ऐकली नव्हती.

"नमुन्याचा निमित्त, वहिनी. वाटो घेवन मी खंय जाव? ह्या घरात चूल अजून पेटलीच नाय."

घर त्यांच्या बायकोच्या हौसेचं होतं, ते मला तेव्हा कळलं. सुलभाताई इथल्याच, मालवणच्या. समुद्र दिसेल असं स्वयंपाकघर बाईंनीच आखलं होतं. वास्तुशांतीच्या आधीच त्या गेल्या. मी काहीबाही बोलून उठले ती थेट भगवान तांडेलाकडे गेले आणि सगळं सांगितलं. तो जाळं सांधत होता. ऐकून त्याने सुतळी खाली ठेवली. "माका काय म्हायत!" एवढंच म्हणाला.

दुसऱ्या सकाळी तो डॉक्टरांच्या बेड्याशी, फाटकापाशी हजर. "चला, डॉक्टरानू. दोराक माणूस कमी पडता."

त्या दिवशी वाटे घातले तेव्हा डॉक्टरांनी आपला वाटा दोन्ही हातांनी घेतला. ते मासे माझ्याकडेच येणार असं धरून मी खोबऱ्याचं वाटण करून ठेवलं होतं. पण गृहस्थ माझ्या दारावरून सरळ आपल्या घरी! मला थोडा रागच आला.

दुपारी त्यांच्या घरातून तिरफळांचा वास यायला लागला. आमचे हे पेपर ठेवून ओटीवर आले. जरा वेळाने डॉक्टर गडग्यापाशी आले, हातात बांगड्याच्या तिखल्याची, म्हणजे झणझणीत कालवणाची, वाटी.

"वहिनी, जरा मीठ बघशात?"

मी वाटी हातात घेतली. "तुम्ही केलंत?"

"आमच्या घरात जेवण रांदी मीच. मीठ सुलभा बघी. कोणी बघल्याशिवाय माका वाढून घेवक जमणा नाय."

मी बोट बुडवून चाखलं. माझ्यापेक्षा चांगलं झालं होतं. एरवी मी 'झकास' म्हणून वाटी परत दिली असती, पण त्यांच्या तोंडाकडे बघून खरं तेच सांगितलं. "मीठ अंमळ जास्त पडलंय, डॉक्टर."

त्यांचा चेहरा एकदम उजळला.

"ती पण रोज ह्याच म्हणायची," ते म्हणाले, आणि वाटी घेऊन जेवायला आत गेले.