गावंडे काकाजींचं छप्पर

आमचे शेजारी गावंडे काकाजी सख्ख्या मेव्हण्याला अरे-तुरे करतात, तहसीलमध्ये नोकरीत असताना साहेबालाही करायचे. अहो-जाहो करतात ते फक्त वानरांना. कळंबमध्ये वानरं सगळ्यांच्याच घरावर येतात. आम्ही फटाके लावतो, ताटं बडवतो. काकाजी अंगणात उभे राहून हात जोडायचे.

"या जी, बसा. फक्त उडी मारू नका. तुमच्या पाया पडतो."

वानरं बसायची. बाकीचं ऐकायची नाहीत.

कमलकाकू गेल्यापासून काकाजी एकटेच राहतात. घरावर जुने सिमेंटचे पत्रे, म्हणजे ॲस्बेस्टॉसचे. अमरावतीला नर्स असलेल्या त्यांच्या मुलीने फोनवर बजावलं होतं की हा पत्रा शाबूत आहे तोवर त्याला हात लावू नका. पण तो फुटला, कापला, घासला की डोळ्यांना न दिसणारं कुसळ उडतं आणि छातीत गेलेलं ते कुसळ काही परत निघत नाही. त्या फोनपासून काकाजी बदलले आणि आम्हा शेजाऱ्यांची झोप उडाली.

कपाशीवर फवारायचा असतो तसला नवा कोरा पंप त्यांनी आणला आणि त्यात साबणाचं पाणी भरलं. "आधी ओलं, मंग बाकीचं" हे त्यांचं पालुपद. आमच्या हिने अंगण झाडायला घेतलं की कुंपणापलीकडून फवारा यायचा.

"अहो काकाजी, आमच्या घरावर कवेलू आहेत!"

"असू दे नं, बाई. माह्याकडून उडून येऊन राह्यलं असन तं?"

तिची साडी ओली व्हायची. माझा चहा उशिरा मिळायचा.

मग एका सकाळी टोळीतल्या थोराड हुप्प्याने लिंबावरून थेट काकाजींच्या स्वयंपाकघरावर उडी घेतली. पत्रा तडकला आणि तुकडे ओट्यावर पडले. मी धावत गेलो, हाती लागला तो झाडू उचलला, तर काकाजी माझ्यावर असे ओरडले की मी झाडू घेऊन तसाच अंगणात आलो. तोंडाला मास्क बांधून त्यांनी सगळं भिजवलं, ओल्या फडक्याने पुसलं आणि फडक्यासकट तुकडे जाड प्लास्टिकात बांधले. स्वयंपाकघराला कुलूप लावलं.

"छप्पर उतरवतो," ते म्हणाले. "सगळं."

गल्लीने सल्ले दिले. मीही दिला, "फटाके लावा ना. वानरं पळतील, एकच पत्रा बदलावा लागेल."

"घाबरले तं अजून जोरात उड्या मारतीन."

हे पटण्यासारखं होतं. तरी फटाक्याचं नाव काढलं की त्यांचा चेहरा उतरायचा, तो का, ते मला कळत नव्हतं.

छप्पर निघणार हे कळताच मागणारे जमले. आपल्याकडे जुना पत्रा कोणी टाकून देत नाही. बकऱ्यांच्या गोठ्यावर घालतो, गोवऱ्यांवर झाकतो, चुलीला आडोसा करतो. काकाजींनी सगळ्यांना हाकललं. आमची ही सरपणावर घालायला एक मागायला गेली, ती भिजून परत आली.

रफीक मिस्त्री कामाला आले, तेव्हा काकाजी फाटकात आडवे उभे. "हातोडी इथंच ठेव."

"काकाजी, हातोडी नाही तर मी मिस्त्री कायचा?"

"हूक काप, पत्रा फोडू नको. पत्र्यावर पायही ठेवू नको, खालून मचाण बांधली हाय. आधी ओलं, मंग बाकीचं!"

मिस्त्री आणि त्यांची माणसं मास्क लावून, पूर्ण बाह्यांचे कपडे घालून चढली. सगळ्या गल्लीने खिडक्या लावून घेतल्या. एकेक पत्रा भिजत, सबंध, लेकरासारखा खाली आला आणि प्लास्टिकात गुंडाळला गेला. असला कचरा घेणाऱ्या गाडीत शेवटचं गाठोडं चढेपर्यंत काकाजी जेवले नाहीत. मनातून मला त्यांचा अभिमान वाटला. तोंडावर मी त्यांना हट्टी म्हणालो.

घरावर नवी टिनं आली. दुसऱ्या दिवशी वानरं लिंबावर येऊन बसली, नव्या चकचकीत छपराला बिचकून. काकाजी पोळ्यांची ताटली घेऊन शिडीवर चढले आणि टिनाच्या कडेला एकेक पोळी मांडू लागले.

"काकाजी, हे काय? आता तर ती रोज येतील!"

"येऊ दे नं. कमल रोज पहिली पोळी यायलेच टाकत जाय. पत्र्याचं समजलं तवापासून मी बंद केलं, म्हटलं उड्या मारतीन. तरी रोज येऊन वाट पाहून जात. फटाके कसे लावू, सांग? तिच्यामागं या घराकडं दुसरं कोन रोज येते?"

मी शिडी धरून उभा राहिलो.

ते खाली उतरले, हात जोडले. "या जी. मारा आता उड्या, लागल तेवढ्या."

हुप्प्याने झेप घेतली. टिनं अशी दणाणली की गल्लीतली कुत्री भुंकत सुटली. काकाजींनी रिकाम्या स्वयंपाकघराकडे तोंड केलं आणि हाक मारली,

"अवं, आले तुये पाव्हणे!"