उतारघाटीं सेन्सर जागा न जाहला, त्याची बखर

श्रीजलमाता सर्वांस सांभाळो. शके १९४४, शुभकृत् नाम संवत्सरी, भाद्रपद मासी उतारघाटी जे वर्तले, ते ऐकिले तैसे लिहितो.

राज्यात नदी थोर, पूल नाही. सबब सरकारांनी घाटावर यंत्र बसविण्याची आज्ञा केली की, पाणी बेताचे असता हिरवा दिवा लागावा आणि चढता तांबडा लागावा. यंत्राचा गाभा आणि पाणी मोजणारा सेन्सर, या दोहोंत बोलणे करविणारा जो ड्रायव्हर, तो यशोदाबाई पोतनीस यांनी लिहिला. आभाळ भरले म्हणजे सूर्याची वीज पुरेना, म्हणोन मोजणी जाहली की यंत्राने निजावे आणि पुन्हा उठावे, ऐसा नेम केला. निजतेवेळी गाभ्याने ड्रायव्हरास सांगावे, मग ड्रायव्हराने सेन्सर निजवावा, आणि उठतेवेळी जागा करावा. परंतु बाईंनी पारख केली तेव्हा दिसले की, गाभा उठे आणि सेन्सर कधी उठेच ना, आणि ड्रायव्हर निजण्यापूर्वीचाच आकडा वर सांगे. मग बाई कारभारी मल्हारपंत हिंगणे यांजकडे गेल्या आणि बोलिल्या, "पंत, मुदत द्यावी. सेन्सर जागा होत नाही आणि ड्रायव्हर शिळा आकडा सांगतो." पंत म्हणाले, "सरकारस्वारी उदईक येणार. दिवा लागला पाहिजे. मागाहून दुरुस्त करा." बाईंचे मन घेईना, परंतु आज्ञा मानिली, आणि दिवा लागला, आणि नगारे वाजले.

पुढे वरल्या अंगी पाऊस फार जाहला. यंत्र निजले आणि उठले, सेन्सर उठला नाही, दिवा हिरवाच राहिला. गोंदाजी भोई नावाडी, त्याची लेक पैलतीरी बाळंतपणास अडली होती. बायको सुंदरा म्हणाली, "पाणी गढूळ दिसतं, थांबा जरा." तो म्हणाला, "सरकारचा दिवा हिरवा हाय. तो खोटं कशाला बोलंल?" ऐसे म्हणोन नाव लोटिली, आणि मध्यधारेस नाव उलथली, आणि गोंदाजी सापडला नाही. लेक सुखरूप सुटली, परंतु तीस हे कोणी सांगावे, ऐसे जाहले.

दरबारी पंत बोलिले, "नावाड्याने पाणी पाहावयाचे होते." बाई उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "दिवा पाहावा, ऐसे आपणच त्यास शिकविले." मग बाईंनी ड्रायव्हर फिरोन ऐसा लिहिला की, सेन्सराचा जबाब न आला तरी तांबडाच लागावा, आणि सुंदरेच्या दारी जाऊन सर्व सांगितले. सुंदरेने मग पुसिले, "एवढंच करायचं व्हतं?"

बाई म्हणाल्या, "एवढंच."

तात्पर्य, गोंदाजी गेला, पंतांस बढती जाहली, बाईंनी चाकरी सोडिली. घाटी आता पुष्कळ वेळ तांबडा असतो, आणि लोक तीरावर बसोन राहतात.