आबांची वाघाची वेळ

आमच्या शेजारच्या आबांना किती वाजले विचारलंत, तर मनगटावर घड्याळ असूनही ते आकडा सांगत नाहीत. "मुंगूस फिरता," म्हणजे ऊन वर आलं. "भेकर चरूक भायर पडला," म्हणजे ऊन उतरलं. "डुकरां सुटली," म्हणजे जेवून घ्या. आणि या सगळ्यांच्या वर वाघाची वेळ. आमच्याकडे बिबट्यालाही वाघच म्हणतात. "भेकर भायर पडला, की मागसून वाघ पडता," हे वाक्य आबांनी बारशापासून बाराव्यापर्यंत सगळीकडे ऐकवलंय.

कुडाळजवळचं आमचं गाव. परसामागे काजूची बाग, तिच्यामागे रान. आबा पोस्टातून निवृत्त झालेले. काकी गेल्यापासून एकटे. एकदा तिन्हीसांजेची आरती अर्ध्यावर थांबवून त्यांनी भटजींनाच घरी पिटाळलं. आम्ही हसलो, कारण तेव्हा फजिती भटजींची होती.

आमची पाळी परवा आली. मालवणहून पाहुणे बहिणीला बघायला आले होते. बोलणी रंगली होती, दुसरा चहा आला होता, आणि आबा तवा बडवत ओटीवर आले.

"उठा आता! वाघाची येळ झाली!"

मुलाचे वडील कप ओठांशी तसाच धरून बसले. आबांनी पाहुण्यांच्या चपला उचलल्या आणि गाडीच्या दाराशी नीट मांडून ठेवल्या. आईनं पदर तोंडाशी धरला. बहीण आत पळाली. माझी तर मान वर होईना. पाहुणे उठले.

दुसऱ्या दिवशी मी खडसवायलाच गेलो. आबा परसात कोंबड्या खुराड्यात घालत होते. मला बघताच त्यांनी मान खाली घातली.

"चुकलाच माझा. तुझ्या आवशीक तोंड दाखवूक लाज वाटता."

"पण आबा, मोटारीतल्या माणसांका वाघ काय करतलो?"

ते पायरीवर बसले.

"माझो बाळ्या पळान गेलो नाय रे."

बाळ्या त्यांचा कुत्रा. काकींनंतर घरात तेवढीच सोबत. तो नाहीसा झाला, तेव्हा आबांनीच पळाला म्हणून सांगितलं होतं. आबांच्या बडबडीला कंटाळून पळाला, अशी गावात चेष्टा. ती मीही केली होती.

"भजनाक जात होतंय. माझ्या मागना येयत म्हणान अंगणात बांधून ठेवलंय. वाघाचो काय दोष? त्येची येळ होती. कुत्रो पळालो आसतो रे. साखळी मिया घातलेली."

मी त्यांच्याशेजारी बसलो.

"पाव्हण्यांचो काय निरोप?" त्यांनी हळूच विचारलं.

"होकार इलो."

आबांनी डोळे पुसले. मग जरा जवळ सरकून म्हणाले, "त्यांच्याकडे कुत्रो आसा?"

"आसा."

"तिन्हीसांजेक बांधू नको म्हणान सांग. माझा नाव सांगू नको."