पान चारवरील आकृत्यांबाबत

कोणत्याही जीवाला अस्तित्वात येण्यासाठी नुसता जन्म पुरत नाही. योग्य त्या वरिष्ठाची सही लागते. माणसांच्या बाबतीत हे मला ठाऊक होतं. कीटकांच्या बाबतीत आमच्या कॉलेजच्या शिस्त व सभ्यता समितीचा सचिव झाल्यावर कळलं.

आमच्याकडे प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या भुवनेश्वरी कलशेट्टी मॅडम तीन वर्षं मैंदर्गीजवळच्या एका ओढ्यात कॅडिसफ्लाय शोधत होत्या (फक्त सुट्टीच्या दिवशी, तशी खातरजमा केलेली आहे). कॅडिसफ्लाय म्हणजे पतंगासारखा एक भुरकट कीटक. त्याची अळी पाण्यात राहते आणि तोंडातल्या रेशमी धाग्याने वाळूचे कण चिकटवून स्वतःभोवती नळीसारखं घर बांधते. परवाना घेत नाही.

तिथे धुणं धुणाऱ्या निंगव्वाने एकदा त्यांच्यापुढे ओला दगड धरला. "ही बगा की बाई. बाकीच्या वाळूची घरं करत्यात, ही बाभळीच्या पाल्याचं करती. लई वर्सं बगतीया मी."

मॅडमनी त्या अळ्या घरी वाढवल्या, पंख फुटल्यावर सूक्ष्मदर्शकाखाली ठेवल्या, आजवरच्या सगळ्या नोंदींशी ताडल्या. कुठेच जुळेनात. जात नवी होती. त्यांनी शोधनिबंध लिहिला आणि छापायला बाहेर पाठवण्याच्या सहीसाठी प्राचार्य उदयसिंह सरांपुढे ठेवला. सरांनी तो सवयीप्रमाणे मधूनच उघडला.

"हे काय आहे, मॅडम?"

"नराचं जननेंद्रिय, सर. डावीकडून."

"आणि हे?"

"तेच. वरून."

सरांनी पंखा वाढवला. मॅडमनी सांगितलं की या कीटकांची जात त्या अवयवावरूनच ठरवतात, जगभर हीच रीत आहे.

"चेहऱ्यावरून नाही ओळखता येत?"

"चेहरे सगळ्यांचे सारखेच असतात, सर."

प्रकरण आमच्या समितीकडे आलं. मूळ अवयव अर्धा मिलिमीटर, आकृतीत तळहाताएवढा. चार महिन्यांत अकरा बैठका झाल्या, उपस्थिती शंभर टक्के (कॉपीविरोधी समितीची एकोणीस आहे). दोन सदस्यांनी स्वखुशीने घरून भिंगं आणली. नराऐवजी मादी दाखवावी, अशी एक सूचना आली आणि थोड्या विचारांती घाईने मागे घेण्यात आली. आकृतीवर पंख ओढून घ्यावेत, अशी दुसरी. तिसरी माझी होती: अवयवाऐवजी स्वभावाचं वर्णन करावं, उदाहरणार्थ कष्टाळू, मितभाषी.

प्रत्येक बैठक सुटली की मॅडम दारात उभ्या असायच्या.

"सर, जरा लवकर करा. पान दोन वाचलंत का?"

"क्रमाने चाललंय, मॅडम," मी सांगायचो. (आम्ही चारवरच होतो.)

अखेर सही झाली, निबंध छापून आला. जातीला निंगव्वाचं नाव मिळालं. प्राचार्यांचंही नाव सुचवण्यात आलं होतं. पण ही जात कशावरून ओळखली जाते हे ध्यानात येताच सरांनी नम्रपणे नकार दिला.

कॉलेजने मॅडमचा आणि निंगव्वाचा सत्कार ठेवला. फलकावर प्राचार्यांचा फोटो होता आणि खाली एक फुलपाखरू. मी निंगव्वाला म्हणालो, "तुमचं नाव आता जगभर गेलं."

"व्हय," ती म्हणाली. "पर वढा कुटं हाय?"

मग मी पान दोन वाचलं. ही जात फक्त त्या एका ओढ्यात सापडते, आणि जूनमध्ये सुशोभीकरणासाठी तो ओढा पाइपात घालणार आहेत, असं तिथे स्वच्छ लिहिलं होतं. छापील निबंध जोडून मॅडम हरकत घेणार होत्या. निबंध आला तेव्हा पाइपावर सिमेंट वाळून सहा दिवस झाले होते.

सत्काराच्या दुसऱ्या दिवसापासून मॅडम जवळच्या बोरी नदीचा काठ धुंडाळू लागल्या. आठ महिने झाले. पाल्याचं घर बांधणारी अळी अजून मिळालेली नाही.

ही हकिगत तुम्हीही उद्या कोणाला तरी सांगाल. त्यातला कोणता भाग सांगाल हे मला आत्ताच ठाऊक आहे. तो ओढ्याचा नसेल.